अडतीस हजार मायक्रॉनचा खुंटा

बायको जाऊन वर्ष होत आलं आणि तिच्या जात्याचा खुंटा वाळवीनं खाल्ला. दोन्ही गोष्टी मला विचारून झाल्या नाहीत.

खुंट्याची घाई होती. जायच्या आधी बायकोनं बजावलं होतं, "वर्सश्राद्धाचं वडं माज्या जात्यावरच्या पिठाचं करा. गिरणीच्या पिठाला मी शिवायची न्हाई." चव्वेचाळीस वर्षांत बाईनं एकदा शब्द फिरवला नाही, तर आता कावळा होऊन काय फिरवणार? श्राद्ध चार दिवसांवर, आणि जात्याला धरायला दांडा नाही.

आमचा मुलगा दिलीप आंबीच्या एका कारखान्यात आहे. लोखंडाचे तुकडे मोजून नापास करायचे, हे त्याचं काम. (शाळेत स्वतः दोनदा नापास झाला, त्याचा सूड.) त्यानं पिशवीतून मापाचा चिमटा काढला, जात्याच्या भोकात घातला आणि म्हणाला, "अडतीस हजार मायक्रॉन."

"आरं, जात्याचं भोक हाय का पवनेचं धरण?"

"आबा, आमच्यात असंच मोजत्यात. ऱ्हाऊ द्या, कंपनीतनं लोखंडाचा करून आणतो."

"तुज्या आईच्या जात्याला लोखंड? बाभळीचा मीच तासतो. मला बोटांत सांग."

"बोट काय माप हाय का? कुनाचं बोट?"

इथं मी पेटलो. शिक्षण माझं चौथी, पण वीत आणि बोटाच्या जोरावर परंदवडीत दोन गोठे आणि एक घर उभं केलंय. (घराचं मागचं दार लागत नाही, ते सोडा.) म्हटलं, तुझा मायक्रॉन अंगाच्या मापात आणल्याशिवाय आज जेवणार नाही. हाताखाली वीत, वितीखाली बोट, बोटाखाली जव. जवाखाली आमचं संपतं.

"त्याच्या खाली मानसाच्या अंगावर काय हाय?"

"केस," दिलीप म्हणाला. "एक केस म्हंजी सत्तर मायक्रॉन, अंदाजे." मग मोबाईलवर भागाकार केला. "खुंटा पाचशे त्रेचाळीस केस रुंद पायजे."

माझ्या डोक्यावर एवढे नव्हते. कानातले धरूनही नव्हते.

"आबा, एक सांगू का?" आमची सून सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"थांब. हिशेब चाललाय."

बायकोची फणी मी वर्षभर कुणाला साफ करू दिली नव्हती. त्यातले दोन केस अलगद सोडवले आणि आगपेटीच्या काडीवर एकाला एक चिकटून वेढे गुंडाळत मोजायला बसलो. अठ्ठ्याऐंशीला शिंक आली. पुन्हा एकपासून. त्र्याण्णवला सुनंदा आली.

"आबा, च्या घेताय का? आन् ते सांगायचं व्हतं..."

"त्र्याण्णव, त्र्याण्णव, च्या... गेलं!"

तिसऱ्या खेपेला शंभर भरले. तेवढी रुंदी पाच वेळा घेतली, वर थोडी वाढवली. माप आलं जेमतेम दीड बोट. दोन दिवस बसून खुंटा तासला.

"आबा, लय बारीक दिसतोय," दिलीप म्हणाला.

"तुजंच माप हाय. अडतीस हजारातला एक इकडं न्हाई का तिकडं न्हाई."

"पन भोकात घालून तर बघा."

"कारखान्याच्या मापाला भोकात घालून बघायचं असतं व्हय?"

श्राद्धाच्या आदल्या सकाळी तांदूळ-उडदाचं सूप शेजारी घेऊन जात्यापुढं बसलो. खुंटा भोकात असा उभा राहिला, जसा रांजणात डाव. तरी मी जोर लावला. पहिला फेरा झाला. दुसऱ्याला खुंटा उपटून ताकाच्या गाडग्यात, मी उताणा, आणि सूप तोंडावर पालथं.

दिलीपनं आधी खुंटा पुसून मोजला. मग बापाला उठवलं. (कारखान्याची शिस्त.)

"सत्तावीस हजार. आबा, तुमी केस कुनाचा घेतलात?"

"तुज्या आईचा."

त्यानं खुंटा खाली ठेवला. "सत्तर मायक्रॉन म्हंजी चांगला जाड केस. आईचं केस त्या औषधांनी लय पातळ झालं व्हतं."

मी उडीद वेचत बसलो. ती झिजली होती हे दिसत होतं. किती, ते त्या दिवशी मापात कळलं.

"आता तरी सांगू का?" सुनंदा दारात उभी होती.

"सांग बाई."

ती आत गेली, सासूच्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून आणली, खुंट्याला घट्ट गुंडाळली आणि बत्त्यानं दोन ठोके दिले. खुंटा असा बसला की हलेना.

"पयला खुंटाबी बारीकच व्हता," ती म्हणाली. "आत्याबाई दर दिवाळीला नवी चिंधी गुंडाळायच्या. चार दीस हेच सांगायला येतीया."

मग मी दळलं. सगळं मीच, कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी पान ठेवून मी दोन पावलं मागं सरतोय तोच कावळ्यानं वडा उचलला. बाईनं शब्द पाळला.

राहता राहिला मी. चव्वेचाळीस वर्षं दर सणाला मी त्या जात्यासमोर बसून चहा प्यालो, वर "पीठ जाड येतंय" असं तिला ऐकवलं. हातभर अंतरावरची चिंधी मला कधी दिसली नाही, आणि निघालो होतो केस मोजायला!