लासियेमच्या चुलीपुढचा खळगा

पाक सार्मिदीने, म्हणजे आमच्या सार्मिदीबाबाने, आयुष्यभर रस्त्यांवर रोलर चालवला. आमच्या जावातल्या ग्रोबोगानची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता वर्षभरात लाटा लाटा होतो. सार्मिदीने दाबलेला रस्ता मात्र सहसा हलत नसे. तो मूठभर माती घट्ट दाबून गोळा करी आणि खाली टाकी. गोळा पसरला तर माती फार ओली, भुगा झाला तर कोरडी, दोन तुकडे झाले तर रोलर चालू. या कामापायी तो कधी सुमात्रात असे, कधी कालीमंतानात. घरी आला तर पाहुण्यासारखा.

घरी बायको, लासियेम. तिच्या मातीच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे खळगा पडला होता, नेमका तिच्या पाटाखाली. बसलं की पाट डुगडुगायचा.

"अहो, जगाचे रस्ते सरळ करता, माझा एवढासा खड्डा बुजवा की!"

"अगं, नुसती माती लोटून भागत नाही. काळी खणून काढायची, मुरूम भरायचा, थराथराने ठोकायचा. पुढच्या सुट्टीत निवांत करतो."

"पुढच्या सुट्टीत तुम्ही घोरणार आणि मी डुगडुगणार!"

अशा किती सुट्ट्या गेल्या. मग एकदा साध्या तापाने लासियेमच गेली. तो कामावरून धावत आला तो थेट कबरस्तानात. गावाने त्याच्यासाठीच दफन संध्याकाळपर्यंत थांबवलं होतं.

कबरीत तिच्यावर फळ्या बसल्या आणि माणसं माती लोटू लागली. आमच्याकडे ती पायाने जराशी दाबून वर उंचवटा ठेवतात, बस. सार्मिदीने एकाच्या हातातलं फावडं ओढून घेतलं. मूठभर माती दाबून पाहिली, पाणी मागितलं, एकेक थर घालून फावड्याच्या पाठीने ठोकू लागला.

कबर खणणारे तोयो आजोबा कळवळले. "अरे सार्मिदी, रस्ता नाही रे हा! खाली तुझी बायको आहे."

"म्हणूनच," तो म्हणाला. "तिच्यावरची माती खचायची नाही."

तो रडत होता आणि ठोकत होता. त्याला अडवायला कुणाचा धीर झाला नाही.

रमजानच्या आधी सारं गाव कबरस्तान झाडायला जमतं. वर्षभरात माती बसलेली असते. ज्याने त्याने आपल्या माणसावर टोपलीभर माती घालायची, फुलं वाहायची, मग सगळ्यांनी मिळून तांदळाचे आपेम खायचे. सार्मिदीही टोपली घेऊन गेला. डावीकडची कबर खचलेली, उजवीकडची खचलेली. लासियेमची जशीच्या तशी. बोटभर माती घालायलाही जागा नव्हती.

"तुमचं बरंय हो, पाक सार्मिदी," शेजारची बू रुमिनी, म्हणजे रुमिनीकाकू, आपल्या नवऱ्यावर माती पसरत म्हणाली. "तुम्हाला काही कामच उरलं नाही."

ती बिचारी सहज बोलली, पण त्याच्या काळजात चर्र झालं. जिवंतपणी तिचं एक काम केलं नाही, आणि मेल्यावर वर्षातून एकदा करता आलं असतं, तेही स्वतःच्या हाताने संपवून ठेवलं. आपल्या कारागिरीची त्याला पहिल्यांदाच चीड आली. आपेम न खाताच तो भरली टोपली घेऊन घरी परतला.

ती माती त्याने परसात ओतली. ओढ्याकाठचा मुरूम आणला. चुलीपुढची काळी माती खणून काढली, मुरमाचे थर घातले, पाणी शिंपडलं, धुम्मसाने ठोकले. दुपारची सावली अंगणात उतरायच्या आत काम संपलंसुद्धा. एवढंसंच होतं ते.

त्यावर त्याने तिचा पाट ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबून पाहिला. पाट जराही हलला नाही.

"बसून बघ गं," तो म्हणाला, आणि त्या पाटावर डोकं टेकून रडला.