माझ्या नावावरचा नंबर

जर्मनीला जायला अठरा दिवस उरले होते, तेव्हा मला कळलं की सतरा वर्षं मी वापरत असलेला मोबाईल नंबर माझा नाहीच.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करते. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग आम्ही बनवतो. कंपनीचा मूळ कारखाना दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या गावात आहे. तिथे उत्पादनाची नवी लाइन उभी राहत होती आणि तिच्या तपासणीसाठी इथून कुणीतरी एक जण दोन वर्षांसाठी हवा होता. तीन पुरुषांच्या मुलाखती झाल्या, मग मला बोलावलं आणि निवड माझी झाली. आईने ही बातमी विहारातल्या बायकांना सांगितली आणि दोन दिवसांत ती सगळ्या थेरगावात झाली. निगडीतल्या क्लासला जाऊन मी जर्मन भाषेची पहिली पातळी कशीबशी पास केली होती, आणि आपली तयारी झाली असं मला वाटत होतं.

व्हिसाची कागदपत्रं बघणाऱ्या ऑफिसातल्या मॅडमनी सहज विचारलं, सिम कुणाच्या नावावर आहे? मी म्हटलं, माझ्याच. त्या म्हणाल्या, एकदा खात्री करून घ्या. तिकडे गेल्यावर बँकेचे ओटीपी याच नंबरवर येणार, आणि सिम हरवलं तर दुसरं फक्त ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं. शनिवारी डांगे चौकातल्या दुकानात गेले आणि खात्री झाली. नंबर पप्पांच्या नावावर होता. डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा मी अठराची नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या कागदपत्रांवर सिम घेऊन दिलं होतं. नंतर आमच्या कुणाच्या ते डोक्यातही राहिलं नाही.

नाव बदलायचं तर दोघांनी यायचं आणि दोघांनी मशीनवर बोट ठेवायचं, एवढंच. रविवारी पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत आले. माझं काम एका मिनिटात झालं. पप्पांनी अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. दुसरा अंगठा, लाल. तर्जनी, मधलं बोट, परत अंगठा. काउंटरवरच्या माणसाने मशीन पुसलं, मग पप्पांची बोटं पुसली, जोरात दाबा म्हणाला. पप्पांनी इतकं जोरात दाबलं की नखं पांढरी झाली. मागे रांग वाढत होती. शेवटी तो म्हणाला, काका, तुमचे ठसेच उमटत नाहीयेत.

पप्पांनी तीस वर्षं भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, पत्रे उचलले. हातमोजे मिळायचे, पण ते घालून पत्र्याची कड नीट धरता येत नाही म्हणून कुणी घालत नसे. बोटांवरच्या रेषा तिथेच झिजल्या. आम्ही घरी निघालो. चौक ओलांडल्यावर पप्पा म्हणाले, "हात तर आहेत माझे. मशीनला दिसत नाहीत."

मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, मशीनचा. मी म्हटलं, राहू दे पप्पा, मी नवीन नंबर घेते, बँकेत बदलून टाकते. त्यांनी साफ नाही म्हटलं. नंबर तुझा आहे, तुझ्या नावावर झालाच पाहिजे, म्हणाले. पुढचे चार दिवस ते सकाळ-संध्याकाळ बोटांना खोबरेल तेल लावून बसत. आई हसायची, तरी वाटी तीच आणून द्यायची.

गुरुवारी मी अर्धा दिवस सुट्टी काढली आणि आम्ही निगडीच्या दुकानात गेलो, कारण डांगे चौकातल्या त्या काउंटरवर पप्पांना परत जायचं नव्हतं. इथे एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी दोन्ही अंगठे तपासले, काही झालं नाही. मग त्यांनी विचारलं, काका, काम करताना कोणतं बोट कमी लागायचं? हा प्रश्न पप्पांना कधी कुणी विचारला नसेल. पप्पांनी हवेतच पत्रा उचलल्यासारखे हात केले, क्षणभर विचार केला आणि डाव्या हाताची करंगळी पुढे धरली. बाईंनी ती ओल्या फडक्याने पुसली, मशीनवर आडवी ठेवली. हिरवा दिवा लागला.

पप्पांनी करंगळी उचलून तिच्याकडे एकदा बघितलं. घरी जाताना त्यांनी हट्टाने मला दोन सिमचा नवा फोन घेऊन दिला. एक खण इथल्या नंबरला आणि एक तिकडच्या, असं त्यांनी स्वतःच दुकानदाराला समजावून सांगितलं.

तिकडचा खण मात्र बरेच दिवस रिकामा राहिला.

जर्मनीत उतरल्यावर कंपनीने घर दिलं, रहिवासाची नोंदही झाली. मग मी फोनच्या दुकानात गेले. दोन वर्षांचा प्लॅन घ्यायचा तर इथल्या बँकेत खातं लागेल, असं सांगितलं. बँकेत गेले. खातं सुरू व्हायला मोबाईल नंबर लागेल, त्यावर एक कोड येईल, म्हणाले. मी भारतातला नंबर दिला. फॉर्मने तो घेतला, पण कोड काही आला नाही. परत फोनच्या दुकानात, परत बँकेत. दोन्हीकडे लोक अतिशय सभ्यपणे बोलत आणि दोन्हीकडून मी तशीच बाहेर पडत असे. भारतातल्या सिमवर तिथल्या बँकेचे मेसेज तेवढे येत, फोन किंवा नेट चालत नसे; घरातलं वायफाय संपलं की माझा नवा फोन म्हणजे नुसतं घड्याळ. एकदा बस चुकली तेव्हा कुणाला कळवायची सोय नव्हती. तासभर थांब्यावर उभी राहिले, आणि त्या तासात मला घराची खूप आठवण आली.

कारखान्यात मला काम समजावून द्यायला एक साठीला टेकलेले इंजिनिअर होते. भला माणूस. त्यांनी हे ऐकलं आणि म्हणाले, मी माझ्या नावावर एक सिम घेतो, तुम्ही वापरा, दोन वर्षांनी परत करा. त्यांच्या मनात खरोखर मदतच होती. दोन महिन्यांपूर्वी असतं तर मी आनंदाने हो म्हटलं असतं. आता पप्पांची ती दाबून पांढरी पडलेली नखं डोळ्यांपुढे आली. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "आभारी आहे. पण नंबर माझ्या नावावर पाहिजे."

त्यांनी कारण विचारलं नाही. उलट सुपरमार्केटमध्ये प्रीपेड सिम मिळतं, त्याला बँक लागत नाही, हे त्यांनीच सांगितलं.

सिम मिळालं, पण ते सुरू करायला ओळख पटवायची होती, व्हिडिओवरून. एका तरुणाने मला पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला लावला, उजवीकडे, डावीकडे, वर, खाली. दहा मिनिटांनी म्हणाला, हा पासपोर्ट व्हिडिओवर चालत नाही, पोस्टात जाऊन ओळख पटवा. मी त्यासाठीचं कूपन, म्हणजे माझं नाव असलेला पोस्टात द्यायचा कागद, छापून घेतलं.

त्या गावातलं पोस्ट म्हणजे वर्तमानपत्रं आणि वह्या विकणाऱ्या दुकानातला एक काउंटर होता. शनिवारी दुपारी एकला बंद होई, मग थेट सोमवारी. मी शनिवारी सव्वाबाराला पोचले. काउंटरवर पांढऱ्या केसांच्या, कडक चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी कूपन आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, एकेक अक्षरावर पेन फिरवलं आणि मान हलवली. कूपनावर माझं नाव आणि आडनाव होतं. पासपोर्टवर माझ्या नावापुढे आणखी एक नाव. हे कोण, त्यांनी विचारलं.

"माझे वडील," मी म्हटलं. "आमच्याकडे मुलीच्या नावात वडिलांचं नाव असतं."

त्या म्हणाल्या, छान आहे, पण मग ते कूपनावरही हवं, अक्षर न् अक्षर. मी विचारलं, एकच्या आत नवीन कूपन आणलं तर? त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "एक म्हणजे एक," म्हणाल्या.

घर पंधरा मिनिटांवर, तेही चढावर. मी चालत नव्हते, जवळजवळ पळत होते. घरी पोचून बूट न काढता लॅपटॉप उघडला, तिन्ही नावं भरली, दोनदा वाचून पाहिली, छापलं आणि परत पळत सुटले. पोचले तेव्हा एकला चार मिनिटं होती. बाहेरचे वर्तमानपत्रांचे स्टँड आत गेले होते, पण दार उघडं होतं आणि त्या बाई ते हाताने धरून उभ्या होत्या. मी येते की नाही ते बघत होत्या.

त्यांनी परत पेन फिरवलं. या वेळी मोठ्याने वाचत. माझं नाव, मग पप्पांचं नाव, थांबत थांबत, त्यांच्या घशातल्या र सकट, मग आडनाव. मान हलली, पण होकारार्थी. शिक्का मारला, मला सही करायला दिली. मी श्वास लागलेल्या अवस्थेत सही केली, ती जरा वाकडीच आली.

बाहेर चौकातल्या बाकावर बसून मी फोनकडे बघत राहिले. अर्ध्या तासाने सिम सुरू झाल्याचा मेसेज आला, आणि वरच्या कोपऱ्यात सिग्नलच्या चार रेघा उभ्या राहिल्या. वायफाय नाही, कुणाचं घर नाही, रस्त्यावर बसलेय आणि फोन चालू आहे. मी पप्पांना लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. परदेशी नंबर बघून त्यांनी दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, तर मागे भाजीवाल्यांचा आवाज.

"कोण बोलतंय?"

"पप्पा, मी. हा इथला नंबर."

"कुणाच्या नावावर घेतला?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

माझ्या, मी म्हटलं, आणि पोस्टातली सगळी हकीकत सांगितली. त्यांचं नाव कसं वाचलं गेलं ते त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. मग शेजारच्या भाजीवालीला सांगताना ऐकू आलं की पोरगी जर्मनीहून बोलतेय, रस्त्यावरून.

त्यानंतर सगळं भराभर सुटत गेलं. बँकेचा कोड मंगळवारी आला, खातं सुरू झालं. कारखान्यात प्रत्येक लाइनपाशी एक फळा असतो. मालात खोट दिसली तर कुणाला फोन करायचा, त्यांची नावं आणि नंबर त्यावर लिहिलेले असतात. सुपरवायझरने खडू घेऊन मला नंबर विचारला. जर्मन लोक नंबर जोड्यांनी आणि उलटा म्हणतात, आपल्या एकवीससारखंच आधी एक आणि मग वीस. पण मी एकेक आकडा सुटा सांगितला, न अडखळता, आणि त्याने तो सगळ्यात वर लिहिला.

पुढच्या आठवड्यात मी जेवायच्या सुट्टीत असताना फोन वाजला. लाइनवरचा ऑपरेटर होता. एका भोकाचं माप सरकत चाललंय, पण अजून मर्यादेत आहे, काय करू, असं तो म्हणत होता. वाक्य अर्धं कळलं, माप पूर्ण कळलं. मी म्हटलं, "लाइन थांबवा. मी येते."

पाच मिनिटांत सुपरवायझर तिथे. लाइन कुणी थांबवली, त्याने विचारलं. मी म्हटलं, मी. ड्रिल काढून बघितलं तर त्याची धार एका बाजूने गेली होती. तसंच चालू राहिलं असतं तर पुढचा दिवसभराचा माल भंगारात गेला असता. सुपरवायझरने मान डोलावली आणि ऑपरेटरला सांगितलं की पुढच्या वेळीही याच नंबरवर फोन कर.

त्या दिवशी लाइनवरून मला अकरा फोन आले. मी अकराही उचलले.