वाफसा

सकाळी गॅलरीत आले तर ओल्या काळ्या मातीचा वास थेट आठव्या मजल्यापर्यंत पोहोचला होता. समोर, रावेतच्या आमच्याच जुन्या वावरात, पाया खणायला आलेलं यंत्र कालच्या पावसानं चिखलात रुतून बसलं होतं. मला मेथीचा वाफा आठवला.

साल पंचावन्न असेल. मी चाकणकडच्या मुरमाड रानातली, लग्न होऊन इथे नवीन आलेली. परतीचा पाऊस उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी, कुणाला न विचारता, मी खुरपं घेऊन वाफ्यात उतरले. माहेरी तसंच करायचे. मुरमात पाणी थांबतंय कुठे? इथे घोट्यापर्यंत पाय रुतले, तरी मी हट्टानं पेरलंच. चार दिवसांच्या उन्हात वाफ्याची वीट झाली आणि घरातलं निम्मं बी वाया गेलं.

सासूबाई ओरडल्या नाहीत. पुढच्या पावसानंतर त्या मला रोज वाफ्यावर न्यायच्या, मूठभर माती दाबून गोळा करायला लावायच्या आणि तो खाली टाकायला सांगायच्या. गोळा तसाच राहिला की म्हणायच्या, "वाफसा न्हाई अजून." चौथ्या दिवशी गोळा पडताच फुटून भुगा झाला.

"आता पेर," त्या म्हणाल्या. "तुज्या म्हायेरची माती लगीच ओ देती. हिची मर्जी बगावी लागती."

आज मी लिफ्टनं खाली गेले. यंत्रापाशी तरुण इंजिनिअर ड्रायव्हरवर खेकसत होता. मी मूठभर माती दाबली आणि त्याच्यासमोर टाकली. गोळा तसाच राहिला.

"चार दिस थांब, बाळा," मी म्हणाले. "ही माज्या सासूच्या वळणाची हाय."