आर्लिसच्या दाराची किल्ली

"किल्ली दिली म्हणजे दुकान दिलं नाही, बाहेर थंडीत मरू नका, एवढंच म्हणतेय मी," असं आर्लिस फाइस्ट आम्हाला म्हणाली होती.

त्या जानेवारीत म्हातारा एमिल तिच्या खाणावळीच्या बंद दाराशी येऊन उभा राहिला होता. बायको गेल्यापासून त्याला पहाटे घरात बसवत नसे. आर्लिस यायला वेळ होता, आणि नॉर्थ डकोटातला वारा माणसाचं वय बघत नाही. ती आली तेव्हा त्याचा डावा कान मेणासारखा पांढरा पडला होता. कानाची वरची कड पुढे झडून गेली. एमिलला दवाखान्यात सोडून आर्लिस तशीच हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि तिच्याकडे कोपऱ्यातल्या गोल टेबलाशी रोज बसणाऱ्या आम्हा प्रत्येकासाठी एकेक किल्ली करून घेऊन आली. किल्ल्या तिने टेबलावर अशा आपटल्या की कपांतली कॉफी सांडली. ते वाक्य तेव्हाचं. त्यात कुणाला माया दिसणार नाही. पण मायेची दुसरी भाषा तिला येत नव्हती.

तेव्हापासून जो पहिला येईल तो दार उघडायचा, दिवे लावायचा, कॉफी चढवायचा. आर्लिस मागाहून यायची, आमची कॉफी चाखायची आणि म्हणायची, "ही ट्रॅक्टरमध्ये ओता."

सतराव्या वर्षी ती मावशीच्या हाताखाली इथे भांडी घासायला लागली. मावशी गेली आणि तवा तिच्याकडे आला. नवरा ट्रक चालवायचा. एका हिवाळ्यात साखरेचं बीट भरून गेला आणि मिनेसोटात दुसऱ्याच बाईकडे राहिला. ते कळलं त्या दिवशीही तिने दुकान उघडलं. सगळ्यांची अंडी करपली. आम्ही ती मुकाट्याने खाल्ली. गाव काही चांगलं वागलं असेल तर त्या एका सकाळी.

इमारत व्हेटर घराण्याची. थोरल्या व्हेटरने तिच्याशी हात मिळवून सांगितलं होतं, "तू रांधतेस तोवर हे तुझं." कागद झाला नाही. आमच्याकडे कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. म्हणून खरे चोर आमच्याकडे सुखात राहतात.

बुधवारी ती क्नेफ्ला करायची. बटाट्याच्या दाट सुपात कणकेचे गोळे. वरणफळांचंच कूळ म्हणा. ज्याचं काम सुटलंय त्याच्यापुढे न मागता वाडगा आदळायची. "उरलंय. डुकरांना घालू का?" तेव्हा पातेलं अर्धंही संपलेलं नसायचं. भाव वाढवायची वेळ आली की फळ्यावरचा जुना आकडा पुसून नवा लिहिताना ती आमच्याकडे पाठ करून उभी राहायची, आणि मग दिवसभर सगळ्यांवर खेकसायची. तिला लाज वाटायची. आम्हाला कधी वाटली नाही.

गावाचं तिच्यावर प्रेम होतं. त्या प्रेमाचीच मला चीड आहे. प्रेम म्हणून गावाच्या वेशीवरच्या फलकावर तिच्या सुपाचा वाडगा रंगवला. प्रेम म्हणून पाहुण्यांना आणून दाखवलं, "ही आमची आर्लिस, शिव्या दे बघू." आणि हायवेवर झटपट खाण्याचं एक चकचकीत दुकान झालं तेव्हा याच प्रेमळ माणसांच्या गाड्या तिथल्या खिडकीपुढे रांगेत उभ्या राहिल्या. गाडीतून न उतरता कागदी पिशवीतलं खाणं घ्यायचं, आणि घरी जाऊन म्हणायचं, आर्लिसची सर नाही. सर नाही तर खाता कशाला?

फेब्रुवारीतल्या एका सोमवारची गोष्ट. रविवारी ती दुकान बंद ठेवून चर्चला जायची. सोमवारी आम्ही गोल टेबलाशी बसलो होतो. तव्यावर बेकन चरचरत होतं. आर्लिस स्वयंपाकघरातून आली आणि निळ्या चिकटपट्टीची चुरगळलेली गुंडाळी तिने आमच्यापुढे टाकली.

"काल इथे कोण आलं होतं?"

"उंदीर असतील गं," क्लॅरेन्स म्हणाला. तो धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला. तोंडाला विश्रांती ठाऊक नव्हती. "त्यांचाही तुझ्यावर जीव आहे."

"तव्यामागच्या भिंतीवर खुणा करून गेले हे उंदीर. आणि कुलूप शाबूत."

क्लॅरेन्सने कपात तोंड घातलं. थोरल्या व्हेटरचा मुलगा डेल्मर शेजारी बसला होता. शाळेत आर्लिसच्याच वर्गात होता तो. त्याने पुढ्यातली अंडी सावकाश कापली. मग हसला.

"मीच सांगणार होतो. तुला चकित करायचं होतं."

"झाले चकित. बोल."

तो बोलला. शहरातली एक कंपनी इमारत घेते आहे. सगळं ठरलंय. "पण नाव तुझंच राहणार, आर्लिस! फोटो दारातच लावतायत, एवढा मोठा. सूपही तुझ्याच पद्धतीचं, फक्त बाहेरून गोठवून येईल. तुला उभं राहायला नको, काही नको. खुर्चीवर बसायचं आणि लोकांशी गोड बोलायचं."

"गोड," ती म्हणाली. "मी."

एमिलला हसू फुटलं आणि तोंडातच विझलं.

"तुझ्या बापाने माझ्याशी हात मिळवला होता, डेल्मर."

"बाप गेला. आणि तूही पोरगी राहिली नाहीस. गुडघे बघ तुझे. तुझ्या भल्याचंच करतोय मी."

"मग भलं करायला रविवारीच का आलास? मी चर्चमध्ये असताना? अरे, चोर निदान खिडकी तरी फोडतो. तेवढे कष्ट घेतो बिचारा."

डेल्मरचा चेहरा खरोखर दुखावला. तेच सगळ्यात किळसवाणं होतं. "चोर कशाला म्हणतेस? किल्ली तूच तर दिली होतीस."

तव्याकडून धूर यायला लागला होता. आर्लिस हलली नाही.

"माप घ्यायच्या टेपचं दुसरं टोक कुणी धरलं?"

"मी नुसतं धरलं गं," क्लॅरेन्स म्हणाला. "कंपनीवाले धर म्हणाले, धरलं. मी काय मोजलं नाही."

"एमिल, तू होतास?"

एमिलने नकळत कानाच्या तुटक्या कडेवर हात नेला. "मी त्यांना कॉफी करून दिली," तो म्हणाला. "बाहेर फार थंडी होती, आर्लिस. लांबून आलेली माणसं."

तिने त्याच्याकडे जसं पाहिलं ते मला अजून दिसतं. डेल्मरकडे तिने तसं पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, मला यातलं काही माहीत नव्हतं. खरंही होतं ते. तिने मान वळवली नाही. माझं खरं तिच्या काही कामाचं नव्हतं.

ती आत गेली, कॉफीचं भांडं घेऊन आली आणि प्रत्येकाचा कप काठापर्यंत भरला. डेल्मरचाही. भांडं खाली ठेवलं. मग टेबलाभोवती फिरत एकेकापुढे तळवा पसरून उभी राहिली. काय मागते आहे हे कुणाला विचारावं लागलं नाही. क्लॅरेन्सने सगळे खिसे चाचपले, जणू सापडलीच नाही तर बरं. एमिलची किल्ली गळ्यातल्या दोरीत होती. त्याला गाठ सुटेना, तर तिने स्वतः सोडवली. मी माझी दिली.

डेल्मर म्हणाला, "अगं इमारत माझीच आहे, मला काय..." ती उभीच राहिली. शेवटी त्यानेही दिली.

मग तिने स्वतःच्या जुडग्यातून एक किल्ली ओढून काढली, सगळ्यांत मिसळली आणि तो मूठभर धातू डेल्मरच्या ताटात, अर्ध्या खाल्लेल्या अंड्यांवर ओतला. पिवळा बलक किल्ल्यांच्या दातांत शिरला.

तिने अ‍ॅप्रन काढून खुंटीला लावला. आत गेली आणि मावशीचं लाकडी मुठीचं उलथणं पुसून कोटाच्या खिशात घातलं. मूठ खिशाबाहेर राहिली. बेकन आता काळं पडत चाललं होतं, आणि इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लेल्या आमच्यापैकी एकालाही त्या तव्याचा गॅस कुठून बंद होतो ते माहीत नव्हतं.

"आर्लिस, अगं असं काय करतेस," क्लॅरेन्स म्हणाला. "बस जरा. बुधवारच्या सुपाचं तरी..."

तिने टोपी कानांवर ओढली, दार उघडलं आणि बाहेर पडली. दार तिने उघडंच टाकलं.