उन्हात काळी होणारी काच

माझ्या धाकट्या बहिणीला, सुमाला, जन्मापासून ऐकू येत नाही. ती समोरच्याचे ओठ आणि डोळे वाचते. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांचा नवा चष्मा लावून मी तिच्यासोबत बाजारात निघालो. उन्हात आलो आणि खुणांनी बोलता बोलता तिची बोटं थांबली.

"दादा, रागावलास?" तिनं खुणेनं विचारलं.

मी हसून मान हलवली, तरी तिच्या चेहऱ्यावरची भीती जाईना. सावलीत सरकलो, पण काचा लगेच निवळेनात. किती सहज आपण कुणाला दिसेनासे होतो!

संध्याकाळी चष्मेवाल्याला म्हटलं, "साध्या काचा बसवा."

"उन्हाचा त्रास होईल हो."

होईल, ठाऊक होतं. पण त्या दुपारी घरी येईपर्यंत सुमाचे हात गप्पच होते.