लीव्हर खाली होता

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र तसंच्या तसं उभं आहे, आणि आठवलं की आजही डोकं तापतं.

तेव्हा मी दिल्लीत दक्षता शाखेत होतो. गाझियाबादच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास एका शिपायाच्या पिस्तुलातून गोळी सुटली आणि समोर बाकावर बसलेला दुसरा शिपाई जागीच गेला. दोघं एका साखळीचोराचा पाठलाग करून नुकतेच परतले होते. चोर निसटला होता. ज्याच्या हातून गोळी सुटली तो रोहतककडचा, गेला तो आपल्या वाशिमकडचा. ठाणेदाराने दुपारपर्यंत खुनाचा गुन्हा नोंदवून टाकला. कारण काय, तर आदल्या दिवशी सुट्टीवरून दोघांची बाचाबाची झाली होती.

आमच्याकडे फाइल आली ती शेरा मारण्यापुरती. मीही शेरा मारून मोकळा झालो असतो.

एका रविवारी लक्ष्मीबाई नगरातल्या माझ्या क्वार्टरची बेल वाजली. दारात मृत शिपायाची पत्नी उभी होती. पंधरा दिवसांपूर्वी नवरा गेलेली बाई. माझ्या बायकोने तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती पाण्याला शिवलीही नाही.

"साहेब, तुम्ही मराठी आहात असं कळलं म्हणून आले. त्या पोराने यांना मारलेलं नाही."

मला वाटलं, आरोपीच्या घरच्यांनी दबाव आणला असेल. तसं विचारलंही.

"बिलकुल नाही. माझा नवरा गेलाय, मी कशाला खोटं बोलू? भांडण झालं होतं, पण ते त्याच संध्याकाळी मिटलं. त्याच्या बहिणीचं लग्न होतं. यांनी आपली सुट्टी त्याला देऊन टाकली. मी चिडले, कारण आमच्या बॅगा भरून झाल्या होत्या. तेव्हा यांनी मला हा फोटो पाठवला."

तिने मोबाइल पुढे केला. सुट्टी मागे घेत असल्याचा अर्ज, खाली नवऱ्याची सही, त्यावर ठाण्याचा आवक शिक्का. हा अर्ज फाइलमध्ये नव्हता. भांडणाचे चार जबाब होते आणि भांडण मिटल्याचा एकमेव कागद गायब होता. कागद आपोआप गायब होत नाहीत, हे तीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

सोमवारी मी तुरुंगात जाऊन आरोपीला भेटलो. सव्वीस-सत्तावीसचा उंच पोरगा. मान वर करत नव्हता. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर.

"सर, लीवर नीचे था। मैंने खुद नीचे किया था।"

त्याच्या आधीच्या तिन्ही जबाबांत हेच वाक्य होतं. तपास अधिकाऱ्याने शेजारी लिहिलं होतं, 'आरोपी दिशाभूल करतो.' तिघा अधिकाऱ्यांनी हे वाक्य ऐकलं आणि एकालाही पिस्तूल हातात घेऊन पाहावंसं वाटलं नाही.

मी बरोबर रिकामं पिस्तूल नेलं होतं, त्याला दिलं होतं त्याच बनावटीचं. तुरुंगाधिकाऱ्याच्या खोलीत, त्याच्या समक्ष, ते आरोपीच्या हातात दिलं.

"माझ्याकडे बघ. पिस्तुलाकडे बघू नकोस. हे सेफ कर."

त्याच्या अंगठ्याने लीव्हर खाली दाबला. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. या पिस्तुलात लीव्हर वर केला तर ते सुरक्षित होतं. खाली केला की गोळी झाडायला तयार.

जुन्या पिस्तुलांत नेमकं उलटं होतं. लीव्हर खाली दाबला की मागचा घोडा अलगद उतरायचा आणि पिस्तूल बंद. उतरलेल्या घोड्यावर गोळी झाडायची तर ट्रिगर लांबवर, जोर लावून ओढावा लागतो. घोडा चढलेला असला तर तोच ट्रिगर नखाच्या धक्क्यानेही सुटतो. ते जुनं पिस्तूल या पोराने पाच वर्षं वापरलं होतं. नवं हातात येऊन तीन दिवस झाले होते. चोराच्या मागे धावताना त्याने गोळी भरली, घोडा चढला, आणि सवयीने लीव्हर वर केला. त्याच्या मते पिस्तूल तयार होतं. प्रत्यक्षात बंद होतं. चोराने उलट हल्ला केला असता तर हा ट्रिगर ओढत मेला असता. ठाण्यात येताना त्याने सवयीनेच लीव्हर खाली केला, पण नव्या पिस्तुलात त्याने घोडा उतरत नाही, तो चढलेलाच राहिला. जमा करायला पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमधून काढलं, बोट ट्रिगरला लागलं, आणि समोर मित्र बसला होता.

घोडा न पाहणं, नळी माणसाकडे असणं, ट्रिगरवर बोट जाणं या त्याच्या चुका होत्याच. पण तो खून नव्हता.

मग मी ठाण्यात गेलो आणि प्रशिक्षणाचं रजिस्टर मागवलं. नव्या पिस्तुलांचं प्रशिक्षण दिल्याची नोंद होती, बावीस शिपायांच्या सह्या होत्या. सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या. त्याच दिवशीचा रोजनामचा काढला, तर बावीसपैकी एकोणीस जण सकाळपासून एका मोर्चाच्या बंदोबस्तावर होते.

शस्त्रागार सांभाळणारा हवालदार निवृत्तीला आला होता. त्याला मी बसायला खुर्ची दिली. तो उभाच राहिला.

"सह्या कुणी केल्या?"

तो म्हणाला, "मैंने की, साहब। मैंने कहा था, एक दिन फायरिंग रेंज पे भेज दो, लीवर उल्टा है। थानेदार साहब बोले, पिस्तौल ही तो है, रॉकेट थोड़ी है। शाम तक रजिस्टर पूरा चाहिए।"

मी अकरा शिपायांना एकेक करून बोलावलं. तेच रिकामं पिस्तूल, तीच सूचना. आठ जणांनी लीव्हर खाली दाबला. आठ भरलेली पिस्तुलं कमरेला लावून ही माणसं रोज बाजारातून, शाळांसमोरून फिरत होती.

ठाणेदार तोवर केबिनमध्ये चहा पीत होता. मी अर्जाचा फोटो त्याच्यासमोर धरला.

"हा कागद कुठे गेला?"

"सर, लड़का तो वैसे भी गया। मर्डर रहेगा तो बात दो लड़कों की है। ट्रेनिंग पे आएगी तो ऊपर तक सबकी नौकरी जाएगी। आप समझदार हैं।"

आयुष्यात मी हाताखालच्या माणसावर हात उचलला नाही. त्या दिवशी टेबलाची कड घट्ट धरून उभा राहिलो.

अहवाल पाठवला. वरून फोन आला, रजिस्टरचा परिच्छेद तेवढा गाळा. मी गाळला नाही. न्यायालयात खुनाचं कलम टिकलं नाही, निष्काळजीपणाचं लागलं, आणि आठ महिने तुरुंगात काढलेला तो पोरगा जामिनावर सुटला. नोकरी गेली. म्हाताऱ्या हवालदाराला निलंबित केलं. ठाणेदाराची बदली झाली, आणि पुढे बढतीही. मला अशा शाखेत पाठवलं जिथे दिवसभर फक्त टपाल उघडायचं होतं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. माणसाला 'का केलंस' हे विचारण्याआधी त्या वेळी त्याच्या हातात जे होतं ते पुन्हा त्याच्या हातात देऊन पाहावं. दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. 'प्रशिक्षण दिले' या रकान्याखाली न पाहता मीही अनेकदा सही ठोकली होती. माझ्या वेळी कुणी मेलं नाही, एवढाच काय तो फरक.

जामिनाच्या दिवशी तो न्यायालयाच्या पायऱ्यांवर भेटला. त्या बाईने साक्षीत सगळं खरं सांगितलं होतं. ती समोरून गेली तेव्हा तो तिच्या पायांकडे वाकला. ती क्षणभर थांबली आणि निघून गेली. तो माझ्याकडे वळला.

"सर, छूट तो गया। पर मरा तो मेरे ही हाथ से ना?"

मला चीड येते ती याची, की त्या सगळ्या साखळीत हा प्रश्न फक्त त्याला पडला.