नोल्फाच्या चुका

नोल्फा मार्दोनेस सतराव्या वर्षी सान्तियागोच्या आमच्या वेधशाळेत फरशी पुसायला आली. म्हाताऱ्या बाउदिलिओंनी, ज्यांना आम्ही सगळे माएस्त्रो, म्हणजे गुरुजी, म्हणायचो, तिला काचा वाचायला शिकवलं. तेव्हापासून वीस वर्षं ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होती. तिनं लग्न केलं नाही. संध्याकाळी पाचला पाव आणि चहा मात्र रोज दोघांनी बरोबर घेतला.

काम कंटाळवाणं होतं. डोंगरावरच्या दुर्बिणीतून काढलेल्या काचेच्या तसबिरी खोक्यांतून यायच्या. त्यांतले लहान, मंद, तांबडे तारे सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचे आणि शेजारचा ठिपका वर्षानुवर्षं ताऱ्याबरोबरच सरकतोय का ते पाहायचं. सरकत असेल तर ‘सोबत’, नाहीतर ‘एकटा’. मोठ्या ताऱ्यांना जोडीदार सर्रास सापडतो; या चिमुकल्यांत चारांतल्या एखाद्यालाच. नियम असा की प्रत्येक काच दोघांनी वेगवेगळी वाचायची, एकमेकांचा कागद न पाहता. दोघांचं जुळलं नाही की ती काच तिसरी वाचायला माझ्याकडे यायची. मी शिस्तीची होते, आणि त्याचा मला गर्वही होता.

त्या वर्षी नोल्फाच्या चुका वाढल्या. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक काचेत माएस्त्रो बरोबर आणि ती चूक. ढळढळीत सोबत असलेल्या ताऱ्याला तिनं ‘एकटा’ लिहिलेलं. नवशिक्यालाही दिसावं असं. एकदा चहाच्या वेळी मी सर्वांदेखत म्हटलं, “काय गं, नवरा तर दिसला नाहीच, आता तारेही दिसेनात का?”

ती हसली. “वय झालं, सेनोरिता,” म्हणाली. माएस्त्रो पाव हातात धरून खाली बघत बसले.

मग वरून हुकूम आला, एक माणूस कमी करा. साहेबांनी माझ्याकडे चुकांची यादी मागितली. मी दिली. हात कचरला नाही, हे कबूल करते. नोल्फानं शुक्रवारी आपलं भिंग पुसून ठेवलं, माएस्त्रोंच्या खुर्चीवरची उशी नीट केली आणि गेली. माएस्त्रोंचं निवृत्तिवेतन सुरू व्हायला सात महिने होते.

सोमवारी दुपारपर्यंत माएस्त्रोंचा कागद कोरा. मी जाऊन उभी राहिले तर ते काचेकडे नव्हे, भिंतीकडे बघत होते.

“सेनोरिता, वर्ष झालं, मला काही दिसत नाही,” ते म्हणाले. “दोन्ही कागद तीच लिहायची, माझा माझ्या अक्षरात. निवृत्तीपर्यंत ढकलू म्हणायची.”

मी जुनी पानं काढली. बरोबर वाचन त्यांच्या नावावर आणि चूक स्वतःच्या. दोघांचं कायम जुळलं असतं तर संशय आला असता, म्हणून ती मुद्दाम चुकायची. आणि तेही फक्त सगळ्यांत सोप्या ताऱ्यांवर, म्हणजे तिसऱ्या वाचनात माझ्याकडून नक्की दुरुस्त होईल आणि कुठल्याही ताऱ्यावर खोटं राहणार नाही. मला तिच्या हुशारीची लाज वाटली, आणि माझ्या शिस्तीची त्याहून.

पण दोन वाचनं नव्हतीच; मी नियमाप्रमाणे साहेबांना सांगितलं, आणि त्यांनी अख्खं वर्ष रद्द केलं. माएस्त्रोंना त्याच आठवड्यात काढलं, निवृत्तिवेतनाविना. वर्षभराच्या ताऱ्यांवर लाल रेघ मीच मारली. त्यांतले किती एकटे आणि किती सोबतीचे होते, हे कुठल्याच हिशेबात आलं नाही.

रविवारी मी नोल्फाच्या खोलीवर गेले. ती दारातच उभी राहिली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिनं आधी विचारलं, “माएस्त्रोंचं वेतन?”

“नाही मिळालं.”

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, काच वाचताना पाहायची तसंच.

“मग आलात कशाला?” म्हणाली, आणि दार लावून घेतलं.